पिक्चर सुरू व्हायच्या आधीच आपण अर्धा बघून बसलेलो असतो: जॉनर आणि समाज दोन्ही पकडून सिनेमा बघायची एक घरगुती पद्धत

मे २०१६ मध्ये मी सैराट दोनदा बघितला. पहिल्यांदा गावाकडं, सोलापूर जिल्ह्यातल्या एका एकपडदा थेटरात, पंखे घरघर करतायत, झिंगाट लागल्यावर खुर्चीवर कोणीच बसलेलं नाही, पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत पोरं नाचतायत. दुसऱ्यांदा आठवड्याभराने पुण्यात, मल्टिप्लेक्समध्ये, ऑफिसच्या ग्रुपबरोबर. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्हीकडे सारखीच शांतता होती. पण पुण्यात बाहेर आल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "एवढा छान चाललेला पिक्चर, शेवट उगाच असा का केला?" आणि मला गावाकडच्या थेटरातला माझ्या शेजारचा अनोळखी माणूस आठवला. तो इंटरव्हलच्या बराच आधी, अजून नुसती प्रेमाची गाणी चालू होती तेव्हाच, स्वतःशी पुटपुटला होता, "मारत्यात आता ह्यास्नी."

एकच पिक्चर. तिला शेवट कुठून तरी चिकटवलेला वाटला आणि ह्याला तो पहिल्या अर्ध्या तासातच दिसला होता. ती कमी हुशार होती असं अजिबात नाही, उलट तिनं माझ्या चौपट पिक्चर बघितलेत, आणि तेच तर कारण होतं. तिनं हा जॉनर, म्हणजे पिक्चरचा हा प्रकार, इतक्या वेळा बघितलाय की पुढं काय होणार हे तिला पाठ होतं. त्या माणसाला जॉनर पाठ नव्हता, गाव पाठ होतं.

तेव्हापासून मी पिक्चर बघायची एक पद्धत बसवत आणलीय, आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण एकत्र बघतो त्यात ती वापरतो, आणि बरेच जण विचारतात म्हणून इथं सविस्तर लिहितोय. फिल्म स्टडीजचा अभ्यासक्रम वगैरे समजू नका. लागतं काय, तर एक वही, थोडा वेळ, आणि तुमच्यापेक्षा वेगळ्या वयाचा किंवा वेगळ्या गावाकडचा एक माणूस. शेवटची गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड.

पायरी १: बघायच्या आधी अंदाज लिहून काढा

रिव्ह्यू वाचू नका. पोस्टर बघा, ट्रेलर बघितला असेल तर ठीक, आणि वहीत चार-पाच ओळी लिहा: हा कुठल्या प्रकारचा पिक्चर आहे, हिरो कोण, आडवं कोण येणार, शेवटी काय होणार. मनात ठरवून चालत नाही, लिहावंच लागतं, कारण पिक्चर संपल्यावर माणूस बिनधास्त खोटं बोलतो की "मला वाटलंच होतं".

जॉनर म्हणजे काय याच्या व्याख्येत शिरत नाही, एवढंच धरा की जॉनर म्हणजे तिकीट काढतानाच झालेला एक करार. तू मला दोन तास हसवणार, मी तुला "असं कुठं असतं का" विचारणार नाही. किंवा तू मला घाबरवणार, मग मी म्हणणार नाही की ही बाई रात्री बारा वाजता तळघरात एकटी का जातेय. आपण हा करार एवढ्या वेळा केलेला असतो की केलाय हेच विसरतो.

सैराटचा करार काय होता? पहिल्या दहा मिनिटांत क्रिकेटची मॅच, गरीब घरातला पण टीमचा कॅप्टन असलेला पोरगा, मोठ्या घरची पोरगी, तिचा तापट भाऊ, बापाचा दरारा. १९७३ चा बॉबी बघितलेल्या माणसाला पण हे कळतं. मग आपण आपोआप पुढची पानं उलटतो: पळून जाणार, मारामारी होणार, शेवटी बाप विरघळणार (१९९५ च्या दिलवाले दुल्हनियासारखं, जा म्हणणार) नाहीतर दोघं एकमेकांच्या मिठीत मरणार (१९८८ च्या कयामत से कयामत तकसारखं). मरणं सुद्धा करारात बसतं हे लक्षात घ्या! प्रेमिक मरतात तेव्हा आपण रडतो, पण फसवल्यासारखं वाटत नाही, कारण ते मरण सुंदर केलेलं असतं, मावळतीचा सूर्य असतो, मागं व्हायोलिन असतं.

पायरी २: पिक्चरचं घराणं शोधा

ही पायरी लोक गाळतात कारण जॉनर म्हटलं की थ्रिलर, रॉमकॉम, हॉरर असे ओटीटीवरचे कप्पे डोळ्यासमोर येतात. मराठी पिक्चर त्या कप्प्यांत नीट मावत नाहीत, कारण आपले बरेच जॉनर पडद्यावर जन्मलेलेच नाहीत. ते तमाशातून, संगीत नाटकातून, कीर्तनातून चालत आलेत. म्हणून प्रत्येक पिक्चरला विचारायचं, बाबा तू कोणाचा?

उदाहरण घ्या दादा कोंडक्यांचं. सोंगाड्या आला १९७१ ला. शहरातल्या सुशिक्षित घरांत दादांच्या पिक्चरला नाकं मुरडायचे, द्वयर्थी म्हणायचे, आणि शब्दशः बघितलं तर द्वयर्थी आहेच की. पण ज्यानं तमाशाच्या कनातीत बसून गण, गवळण, बतावणी, वग असा अख्खा खेळ बघितलाय त्याला सोंगाड्या कोण हे सांगावं लागत नाही. तो तमाशातला ठरलेला माणूस आहे, त्याचं कामच भोळेपणाचा आव आणून मोठ्या माणसाची उतरवणं, आणि त्यासाठी दोन अर्थांचे शब्द हे त्याचं हत्यार. म्हणजे दादांचा पिक्चर कुणी कौटुंबिक विनोदी चित्रपट म्हणून बघितला तर असभ्य वाटतो आणि बतावणी म्हणून बघितला तर नेमका वाटतो. (त्यातल्या बायकांच्या वाट्याला काय येतं हा प्रश्न बतावणी म्हणून बघितल्यावरही उरतोच, घराणं सापडलं म्हणजे सगळं माफ असं नसतं.)

घराणं शोधताना एक गंमत सापडते, जॉनर समाजापेक्षा हळू चालतो. तमाशापटांतला पाटील आठवा, मिशा, वाडा, झुलती खुर्ची, फडावरच्या बाईवर नजर. आता वतनी पाटीलकी तर साठच्या दशकात कायद्यानं संपली, खरी सत्ता तोवर दुसरीकडं सरकली होती. प्रवरेच्या काठावर सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, नंतर एकामागून एक कारखाने आले, १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, गावचा दादा आता चेअरमन झाला होता, त्याच्याकडं जीप आली, कर्ज मंजूर करायचा शिक्का आला. पडद्यावरचा पाटील मात्र कित्येक वर्षं त्याच वाड्यात बसून राहिला.

म्हणून १९७५ चा सामना बघताना अंगावर येतं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, लेखन विजय तेंडुलकरांचं, आणि हिंदुराव धोंडे पाटील म्हणून निळू फुले. नाव पाटील, माणूस निळूभाऊ, म्हणजे प्रेक्षकाची अर्धी वही भरलेलीच. आणि मग हा पाटील वाड्यावर नाच बघत बसण्याऐवजी साखर कारखाना चालवतो, सत्तेचं अख्खं यंत्र त्याच्या हातात, आणि गावात आलेला एक दारूडा म्हातारा मास्तर त्याला एकच प्रश्न विचारत सुटतो की मारुती कांबळेचं काय झालं. जुन्या जॉनरचा ओळखीचा चेहरा घेतला आणि तो नव्या खुर्चीत बसवला. हे आज विशीतल्या पोराला दिसत नाही कारण त्याला निळू फुले "वाड्यावर या"च्या मीममधूनच माहीत. खरे निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, समाजवादी चळवळीतले कार्यकर्ते. जॉनर माणसाला चिकटतो तो असा, माणूस गेला तरी निघत नाही.

वहीत दोन ओळी पुरतात: हा पिक्चर कुठल्या जुन्या खेळाचा नातू आहे, आणि त्या खेळातली कुठली माणसं इथं कपडे बदलून आलीत.

पायरी ३: करार कुठं मोडला ते घड्याळासकट टिपा

आता पिक्चर बघा. पहिल्यांदा बघताना वही बाजूला ठेवली तरी चालेल, मी तर म्हणेन ठेवाच, पिक्चर आधी भोगायचा असतो. दुसऱ्यांदा बघताना मात्र जिथं जिथं तुमचा पहिल्या पायरीतला अंदाज चुकला तिथं वेळ लिहा. कंटाळा आला तिथंसुद्धा लिहा. कंटाळा ही फार कामाची खूण आहे, कारण बऱ्याचदा कंटाळा येतो म्हणजे जॉनरनं द्यायचं कबूल केलेलं पिक्चर देत नसतो, आणि तो मुद्दाम देत नसतो.

सैराटचा उत्तरार्ध काही जणांना लांबला असं वाटतं. पळून गेल्यावर हैदराबाद, झोपडपट्टीतली खोली, संडासची सोय नाही, तेलुगू कळत नाही, पोरगी बाटल्यांच्या कारखान्यात कामाला, पोरगा डोशाच्या गाडीवर, भांडणं, संशय. पावणेतीन तासांपेक्षा मोठा पिक्चर आणि त्यातला एवढा भाग भाजी आणि घरभाड्यात जातो. नेहमीच्या प्रेमकथेत पळून जाणं हा क्लायमॅक्स असतो, लग्न लागलं की पाट्या पडतात. इथं पाट्या पडत नाहीत, तर पिक्चर तुम्हाला संसार दाखवत बसतो, इतका की तुम्ही बापाला आणि भावाला हळूहळू विसरता. मूल होतं, स्कूटर येते, फ्लॅट बघायला जातात. तुम्ही निर्धास्त होता. आणि मग शेवट येतो, पोरीच्या माहेरची माणसं दोघांना मारून टाकतात, तेव्हा त्याला संगीत नाही, अजय-अतुलचा तो भरगच्च ऑर्केस्ट्रा जो शेतातल्या धावण्याला होता तो इथं गप्प आहे. मघाशी म्हणलं ना, जॉनरमधलं मरण सुंदर केलेलं असतं? इथं ते सुंदर करायला नकार दिलाय. व्हायोलिन दिलं असतं तर आपण रडून हलके होऊन बाहेर पडलो असतो.

बरं, पूर्वार्धात एवढं गुलाबी कशाला ठेवलं मग? माझं मत असं की करार आधी प्रामाणिकपणे पाळल्याशिवाय मोडता येत नाही. पहिल्यापासून काळोखा पिक्चर असता तर लोकांनी "आर्ट फिल्म" म्हणून हात जोडले असते आणि घरी बसले असते.

चैतन्य ताम्हाणेचा कोर्ट (व्हेनिसला २०१४ मध्ये बक्षीस मिळालं तो) ह्याच पायरीसाठी उत्तम आहे, पण वेगळ्या कारणानं. कोर्टरूम ड्रामा म्हटलं की आपल्याला हवा असतो ओरडणारा वकील, फिरलेला साक्षीदार, शेवटी निकाल. ह्यात एका लोकशाहीरावर खटला आहे की तुझं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली, आणि कोर्टात तारखांवर तारखा पडतात, सरकारी वकील बाई कलमं वाचून दाखवतात, कॅमेरा हलत नाही. आमच्या ग्रुपमधले एक जण बँकेच्या केसपायी नऊ वर्षं कोर्टाच्या चकरा मारलेले, ते सोडून बाकी सगळे चुळबुळ करत होते. ते एकटे हसत होते. म्हणाले, अहो हे अगदी असंच असतं.

पायरी ४: पिक्चर न सांगता काय सांगतोय ते शोधा

ही सगळ्यात मोठी पायरी आणि इथंच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. सामाजिक संदर्भ म्हणजे गूगल करून "ह्या वर्षी कोण मुख्यमंत्री होते" बघणं असा समज असतो. ते नंतर. आधी पडद्यावरच बघा. मी चार गोष्टी बघतो: आडनाव, घर गावात कुठल्या बाजूला आहे, कोण कशावर बसतो (खुर्ची, खाट, जमीन, बाईक, काहीही), आणि कोण कोणाकडं पाणी पितो.

आडनावापासून सुरू करू. सैराटमधली पोरगी आर्ची पाटील आणि पोरगा परशा काळे. जात म्हणून भाषण कोणी ठोकत नाही ह्या पिक्चरमध्ये. आता पुण्यात काळे म्हटलं की सदाशिव पेठेतले काळे डोळ्यासमोर येतील, आमच्याकडं काळे मराठा असतात, आणि पारधी समाजातही काळे असतात. मग परशा नक्की कोणता काळे? त्याचं उत्तर त्याच्या घरात आहे, बापाच्या मासेमारीत आहे, आईबापाच्या पाटलासमोर उभं राहण्यात आहे. पिक्चर जिथं घडतो त्या करमाळ्याकडच्या माणसाला हे बघायला दोन सेकंद लागतात. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीला तो नुसता "गरीब मुलगा" दिसला, आणि गरीब मुलगा श्रीमंत मुलगी हे तर जॉनरच आहे, त्यामुळे तिला वाटलं अडचण पैशाची आहे. पैशाची अडचण पिक्चरमध्ये सुटते हो, हिरो मोठा होतो, फ्लॅट घेतो. तिनं तसाच हिशोब लावला होता.

मग पाणी. आर्ची ट्रॅक्टर घेऊन परशाच्या घरी जाते आणि त्याच्या आईकडं प्यायला पाणी मागते. जॉनर म्हणून बघितलं तर बिनधास्त हिरॉइनचा एक गोड सीन, गाव म्हणून बघितलं तर त्या आईची का तारांबळ उडते ते कळतं. आणि कॉलेजमध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात सरांच्या कानाखाली मारतो तो प्रसंग घ्या. मल्टिप्लेक्समध्ये काही जण खुसखुसले, व्हिलनची एंट्री झाली म्हणून. आमच्या थेटरात कोणीही हसलं नाही, कारण सरांच्या कानाखाली मारून ज्याच्या केसाला धक्का लागत नाही असा पोरगा प्रत्येकाला स्वतःच्या तालुक्यातला आठवत होता. एकाच शॉटला एकीकडं जॉनरनं उत्तर दिलं आणि दुसरीकडं अनुभवानं.

पडद्यावरचं झालं की मग बाहेरचं वर्ष बघा. सैराट आला २९ एप्रिल २०१६ ला. त्याच्या आधीच्या तीन-साडेतीन वर्षांत नगर जिल्ह्यात सोनई (जानेवारी २०१३) आणि खर्डा (एप्रिल २०१४) इथं जे झालं ते पेपरात सगळ्यांनी वाचलेलं होतं, दोन्ही ठिकाणी दलित पोरांचे खून, दोन्ही ठिकाणी वरच्या जातीतल्या पोरीशी नाव जोडलं गेलेलं. करमाळा तर नगर जिल्ह्याला लागूनच आहे. म्हणजे "मारत्यात आता ह्यास्नी" म्हणणारा माणूस भविष्य सांगत नव्हता, बातमी सांगत होता.

इथं एक इशारा द्यायला पाहिजे. हे एकदा जमायला लागलं की माणसाला त्याची नशा चढते, मग प्रत्येक पिक्चरमध्ये प्रत्येक आडनाव खोदत बसायचं. मी स्वतः एक वर्ष असा असह्य माणूस होतो, बायकोनं माझ्यासोबत पिक्चर बघणं बंद केलं होतं. साधी कसोटी ठेवा: तुम्ही जो संदर्भ आणलाय त्यानं पिक्चरमधला एखादा शॉट, एखादा संवाद, एखादी गप्प बसण्याची जागा वेगळी दिसायला लागली का? लागली तर ठेवा. नाहीतर ती नुसती माहिती, ती जेवताना सांगा.

पायरी ५: कुठं आणि कोणाबरोबर बघितला ते लिहा

छोटी पायरी, पण सोडू नका. १९७५ ला शोले आणि दीवार आले त्याच वर्षी जय संतोषी माँ आला, अगदी कमी खर्चाचा, आणि लोक थेटरात चपला काढून बसायचे, पडद्यावर पैसे, फुलं टाकायचे. त्यांच्यासाठी ते थेटर नव्हतंच. हाच पिक्चर आज लॅपटॉपवर एकट्यानं बघून "किती बाळबोध" म्हणणारा माणूस चुकत नाहीये, पण तो वेगळीच गोष्ट बघतोय.

आपल्याकडं १९९१ च्या माहेरची साडीला बायका जथ्थ्यानं गेल्या. माझी आई आणि दोन मावश्या गेलेल्या, रुमाल नाही तर पदर भिजवून आल्या. समीक्षक काय म्हणायचे ते म्हणोत, सासरी मान खाली घालून राहणाऱ्या बाईला चारचौघांत, अंधारात, कोणी विचारणार नाही अशा जागी दोन तास रडायला मिळणं ही काय साधी सोय होती? २०२३ ला बाईपण भारी देवा आला तेव्हा पुन्हा बायका ग्रुपनं गेल्या, नऊवाऱ्या नेसून, नथी घालून, आणि ह्यावेळी थेटरात हसत, फुगड्या घालत. मध्ये बत्तीस वर्षं गेली. रडण्याच्या जागी मंगळागौर आली, पण दोन्ही वेळी पिक्चर जेवढा पडद्यावर होता तेवढाच खुर्च्यांवर होता. हे लक्षात न घेता घरी एकट्यानं बघून दोन स्टार देणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

पायरी ६: जुना पिक्चर असेल तर त्या काळाचं दुखणं शोधा

विनोदी पिक्चरला हे फार लागू पडतं, कारण विनोद सगळ्यात लवकर शिळा होतो आणि तरी काही विनोद होत नाहीत.

अशी ही बनवाबनवी, १९८८. तोंडपाठ आहे सगळ्यांना. चार पोरांना पुण्यात राहायला खोली मिळत नाही म्हणून त्यातले दोघं बायका बनतात. आता विचारा, खोली का मिळत नाही? एवढं काय अवघड होतं? तर १९४७ चा मुंबई प्रांताचा भाडे नियंत्रण कायदा, तो पुण्यालाही लागू होता. जुनी भाडी गोठलेली, एकदा भाडेकरू शिरला की निघत नाही ही घरमालकाची भीती, त्यामुळे मालक खवट, नियम शंभर, आणि एकट्या पोरांना तर दार बंदच. नवा कायदा आला तो थेट मार्च २००० पासून. म्हणजे पिक्चरमधला सगळा अतिरेक, साडी, विग, खोटं लग्न, एका अगदी खऱ्या दुखण्यावर उभा आहे. मूळ कल्पना १९६६ च्या बीवी और मकान ह्या हिंदी पिक्चरची, पण इथं ती पुण्याच्या मातीत अशी रुजली की कलम केलंय हे सांगावं लागतं.

आता घराणं बघा, दुसरी पायरी. पुरुषानं लुगडं नेसणं हे मराठी प्रेक्षकाला नवीन नव्हतंच. बालगंधर्वांनी तर नेसलेल्या साड्यांची फॅशन घरंदाज बायकांनी उचलली, आणि १९१३ च्या राजा हरिश्चंद्रात तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केली होती. फरक असा की तिथं पुरुष खरोखर बाई म्हणून मान्य व्हायचा, आणि बनवाबनवीत गंमत उलटी, आपल्याला तो पुरुष आहे हे दर क्षणी माहीत असतं आणि फक्त घरमालकीण बाईंना दिसत नाही. "अहो आवाजावरून कळत नाही का?" हा प्रश्न विचारायचा नाही, हा करार. आणि पार्वती बनलेल्या पोराचं डोहाळजेवण! डोहाळजेवण म्हणजे काय, तिथं पोरीला कसं सजवतात, बायका काय काय विचारतात, हे ज्यानं बघितलं नाही त्याला ते एक गाणं वाटतं. ज्यानं बघितलंय तो खुर्चीवरून पडतो.

आजच्या डोळ्यांनी बघताना त्यात खटकणाऱ्या जागा आहेत, बायकांना फसवणं, न सांगता जवळीक. आमच्या ग्रुपमधल्या कॉलेजच्या पोरींनी ते सरळ बोलून दाखवलं आणि दोन काका चिडले. मला वाटतं दोन्ही गोष्टी वहीत शेजारी शेजारी लिहाव्यात, १९८८ ला लोक कशाला हसले आणि आज आपल्याला कुठं हसू येत नाही. एक खोडून दुसरी लिहायची घाई नको.

पायरी ७: रिमेक शेजारी ठेवा

संदर्भ काढून घेतला तर काय उरतं हे बघायचा सगळ्यात स्वस्त प्रयोग. सैराटचा हिंदी धडक २०१८ ला आला, गोष्ट करमाळ्यातून उचलून उदयपूरला नेली, तलाव, हवेल्या, टुरिस्ट. आर्ची बुलेट चालवते तेव्हा ती कोणाची मुलगी आहे हे बुलेटच सांगते, उदयपूरच्या राजवाड्यासारख्या घरातल्या मुलीनं काहीही चालवलं तरी ते नुसतं लाडाचं वाटतं. काही गाणी तीच, झिंगाट तेच, आणि तरी काहीतरी हरवलेलं. शेवटही बदलला, नवरा आणि मूल मरतं, ती वाचते आणि किंचाळते. म्हणजे रडायला आपल्यासाठी कोणीतरी शिल्लक ठेवलं. सैराटमध्ये उरतं ते एक बोलताही न येणारं पोर आणि त्याची रक्ताची पावलं, त्याच्याकडून आपल्या वतीनं कोणी रडून घेऊ शकत नाही.

दोन्हीचे फक्त शेवटचे दहा मिनिटं एकापाठोपाठ बघा आणि प्रत्येक बदलापुढं लिहा, हा जॉनरसाठी केलाय की जागा बदलली म्हणून. बहुतेक बदलांपुढं "जॉनरसाठी" येईल.

पायरी ८: मग त्या वेगळ्या माणसाला विचारा

आणि विचारताना "आवडला का?" असं विचारू नका, त्याला उत्तर हो-नाही येतं आणि विषय संपतो. मी तीन प्रश्न ठेवलेत. तुम्हाला कधी कळलं की पुढं काय होणार? कुठं हसलात जिथं बाकी कोणी हसलं नाही? असं कोणी ओळखीचं आहे का? तिसऱ्या प्रश्नाला लोक आधी नाही म्हणतात, मग चहा येतो, मग सांगतात.

स्टुअर्ट हॉल नावाच्या ब्रिटनमधल्या अभ्यासकानं सत्तरच्या दशकात टीव्हीबद्दल मांडलेलं एक साधं वर्गीकरण इथं कामाला येतं. कोणी सांगणाऱ्याला हवा तोच अर्थ घेतो, कोणी थोडा घेतो थोडा आपल्या अनुभवाप्रमाणं वाकवतो, आणि कोणी ओळखूनसवरून उलटाच घेतो. माणसांवर शिक्के मारायला वापरू नका, कारण एकच माणूस एकाच पिक्चरमध्ये तिन्ही करतो. माझ्या ओळखीतला एक जण झिंगाटवर वरातीत नाचतो, आर्ची भारी म्हणतो, आणि स्वतःच्या बहिणीच्या कॉलेजच्या वेळा तपासतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडं बनवाबनवीच लावला होता. खालच्या मजल्यावरचे एक काका, वय पंच्याहत्तर, ऐंशीच्या दशकात पुण्यात नोकरीला आलेले. सुरुवातीला घरमालक खोली खाली करायला सांगतो तिथं सगळे हसत होते, काका हसले नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, नारायण पेठेत माझी अशीच खोली होती, रात्री नऊला मालक मेन स्विच बंद करायचा, आणि मी लग्न ठरलंय म्हणून खोटं सांगून ती मिळवली होती, दर महिन्याला तो विचारायचा तारीख कधी आहे. त्यांचा नातू म्हणाला, मग आजोबा ब्रोकरला का नाही सांगितलं? काका आधी त्याच्याकडं बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यानंतर आम्ही पिक्चर मागं नेला आणि पहिली वीस मिनिटं परत बघितली, ह्यावेळी दर दोन मिनिटांनी काका पॉज करायला लावत होते.